सुलोचनेचं गाऱ्हाणं

चर्चच्या पाळकाच्या बायकोला पगार नसतो, पण रजाही नसते. नवऱ्याची नेमणूक झाली की तिचीही झाली असं सगळे धरून चालतात. तिनं पेटी वाजवायची, मुलांचा रविवारचा वर्ग घ्यायचा, दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायचं, बाळंतिणीकडे जायचं, मयताच्या घरी सर्वांत आधी पोचायचं आणि सर्वांत शेवटी निघायचं. आणि या सगळ्यातून वेळ काढून शुभवर्तमान, म्हणजे येशूची गोष्ट, सांगायची. हे शेवटचं काम मी जन्मभर केलं. ते नीट जमलं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की लिहिता लिहिता कळेल.

आम्ही दोघं मूळचे नगरकडचे. माझे सासरे पाळक, माझे वडील मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत शिक्षक. रत्नागिरीला बदली झाली तेव्हा आमची शारोन सातवीत होती. इथली मंडळी लहान. सगळे आले तरी अर्धी बाकं रिकामी राहायची. माझ्या नवऱ्याला सगळे पाळकसाहेब म्हणत, म्हणून मीही घरात साहेबच म्हणायला लागले. साहेब शांत माणूस. मी मात्र एका जागी ठरत नाही. रविवारची उपासना आटोपली की सोमवारी सकाळी मला वाटायचं, आपण इथे बसून काय करतोय?

मग मी निघायची. पिशवीत छोट्या पुस्तिका, पाण्याची बाटली, छत्री. लोकांना वाटतं की आम्ही चौकात उभं राहून मोठमोठ्यानं ओरडतो. प्रत्यक्षात या कामातला निम्म्याहून जास्त वेळ एस.टी.ची वाट बघण्यात जातो आणि उरलेला दुसऱ्याचं ऐकण्यात. हातखंब्याला एक चहावाला होता. तो माझ्याकडून दर वेळी नवी पुस्तिका घ्यायचा, आणि पुढच्या वेळी तिच्या पानांत भजी बांधलेली मला दिसायची. मी तक्रार केली तर म्हणाला, "बाई, लोकं खाताना वाचतात. तुमच्या हातात असताना कोण वाचतां?" नाट्याला मच्छीमारांच्या वस्तीत एक मुसलमान म्हातारी भेटली. तिचा मुलगा आखातात. तिनं मला अंगणातच थांबवून सांगितलं, "ईसा आमचापण नबी हाय. तू मना त्याची ओळख करून देऊ नको. माझ्या पोरासाठी दुवा माग आणि जा." मी दुवा मागितली आणि आले.

माझी घाटावरची बोली इथे सगळ्यांना कडक लागायची. एकीनं तर मला मध्येच थांबवून विचारलं होतं, "बाई, तुमी सांगताय की भांडताय?"

सुलोचना मला सरकारी दवाखान्यात भेटली. लावणीच्या दिवसांत तिला लेप्टोचा ताप आला होता. वय चाळिशीच्या आसपास. हातखंब्यावरून आत गेलं की एक वाडी लागते, तिथली. नवरा महादेव मुंबईला एका सोसायटीत लिफ्टमन, मुलगा त्याच्याजवळ राहून शिकत होता. तिच्या खाटेजवळ कोणी नव्हतं. मी रोज वॉर्डात जायची, तिच्यापाशी बसायची, पाणी द्यायची, प्रार्थना करायची. ती बरी झाली. बरं केलं ते डॉक्टरांनी आणि औषधांनी, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. आमच्या कामात काही जण इथे गप्प बसतात आणि श्रेय घेतात. ते मला कधी पटलं नाही.

ती म्हणाली, "औषधाचां मना कळलां. पण तुमी रोज येऊन बसत होतात, तां कोणाच्या सांगण्यावरून?"

इतकी वर्षं मी लोकांना न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत फिरत होते. हा पहिला खरा प्रश्न. मी तिला येशूबद्दल सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरी या. तिथे आणखी बायका हायत."

अशा रीतीनं दर गुरुवारी तिच्या पडवीत आमची घरसभा सुरू झाली. घरसभा म्हणजे कुणाच्या तरी घरी जमून दोन गीतं म्हणायची, एखादी गोष्ट सांगायची, प्रार्थना करायची. साहेब, मी आणि शारोन असे तिघं जायचो. शारोन तेव्हा बारावीला होती. तिला कॉलेजातल्या मैत्रिणी हसायच्या, तरी पेटी उचलून यायची. वाडीतल्या पाच-सहा बायका यायच्या. सगळ्यांचे पुरुष मुंबईला.

तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी साहेबांनी विचारलं, "आज तुमच्यापैकी कुणी प्रार्थना करेल का?" बायका एकमेकींकडे बघून हसल्या. आम्हाला सवय होती. अशा वेळी थोडं थांबून आम्हीच सुरू करायचो. पण सुलोचना उठून उभी राहिली. पदर सावरला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू झाली.

"बा येशू म्हाराजा! आज ह्या पडवीत जी काय तुझी लेकरां बसली हायत, त्यांच्याकडे नजर कर म्हाराजा!"

आणि बाकीच्या बायका एका आवाजात म्हणाल्या, "होय म्हाराजा!"

"ज्यांची माणसां परमुलखात हायत, त्यांना हातीपायी धड ठेव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जी काय रोगराई, जी काय भांडणां वाडीत शिरली असतील, ती शिवेच्या बाहेर घालव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. याला गाऱ्हाणं म्हणतात. देवळात, सणाला, शुभकार्याच्या आधी गावाचा मानकरी देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो आणि जमलेले लोक दर वाक्याला होकार देतात. ते घालायचं पुरुषांनी. बायका मागे असतात. हे शेवटचं मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढंच दिसत होतं की शारोननं डोळे टक्क उघडलेत आणि आमचे साहेब, पाळकाचा मुलगा आणि स्वतः पाळक, बायकांबरोबर "होय महाराजा" म्हणतायत.

परत येताना थांब्यावर मी त्यांना धरलं. "हे चालेल का? आपण प्रार्थना शिकवायला गेलो होतो."

"कुमुद, तिला मागता येतंय," साहेब म्हणाले. "आपण आमेन म्हणतो तो शब्द तरी मराठी कुठे आहे?"

शारोन म्हणाली, "मला तर अंगावर काटा आला." झालं, मी एकटी पडले.

सुलोचना रविवारी उपासनेलाही यायला लागली. एका रविवारी साहेबांनी तिला मंडळीत प्रार्थना करायला सांगितली आणि तिनं तिथेही गाऱ्हाणंच घातलं. तिथे होकार द्यायला तिच्या वाडीतल्या बायका नव्हत्या. साहेब एकटे "होय महाराजा" म्हणाले. उपासना संपल्यावर जोसेफकाका घरी आले. ते मंडळीचे ज्येष्ठ पंच, निवृत्त पोस्टमास्तर, मूळचे इथल्याच एका गावचे. कधी आवाज न चढवणारे. त्या दिवशी दारातूनच बोलायला लागले.

"पाळकसाहेब, तुम्ही घाटावरचे. तुम्हाला हे गोड वाटतं," ते म्हणाले. "माझा आजा त्या गाऱ्हाण्याच्या वेळी देवळाच्या आवाराबाहेर उन्हात उभा असायचा. ढोल वाजवायला तो लागायचा. पण होय महाराजा म्हणायला तोंड उघडलं असतं, तर फोडलं असतं. म्हणून तो इकडे, ख्रिस्ताकडे आला. आणि आता तुम्ही तेच आमच्या देवळात आणणार?"

  मला वाटलं होतं की काका धर्मशास्त्राचा काही मुद्दा काढतील आणि आपण त्यांच्या बाजूनं बोलू. पण हे निराळंच होतं. काका गेल्यावर साहेबांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "सुलोचनेला हे सांगायला हवं. लपवून ठेवण्यासारखं नाही." पुढच्या गुरुवारी त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, मान खाली घातली आणि त्या दिवशी प्रार्थना केली नाही.

याच सुमाराला तिनं बाप्तिस्मा मागितला. माझं काळीज सुपाएवढं झालं. रत्नागिरीत येऊन इतकी वर्षं झाली होती, पण आमच्या कामातून कुणी बाप्तिस्म्यापर्यंत पोचलं नव्हतं. आमचे वरिष्ठ दर भेटीत तेच विचारायचे. पण साहेब तिला म्हणाले, "आधी गणपती होऊन जाऊ देत. नवरा घरी येईल. त्याच्याशी बोला. मग ठरवा."

मी घरी येऊन भांडले. "मागणाऱ्याला थांबवायचं? हीच आपली श्रद्धा?"

"गणपतीला तिच्या घरी सगळी भावकी जेवायला असते. तिथे राहायचं तिला आहे. तुला आणि मला नाही," ते म्हणाले.

महादेव गणपतीच्या आधीच आला. कुणीतरी त्याला फोन केला होता. तो थेट आमच्या दारात उभा राहिला. बरोबर त्याचे चुलते, बाबूकाका. हेच त्या गावचं गाऱ्हाणं घालणारे. आजूबाजूला काय काय चालतं ते आम्ही ऐकून होतो. कुठे पाळकाला मारलं, कुठे पेटी फोडली. शारोननं आतून माझा हात घट्ट धरला. मी तिला चहा टाकायला सांगितलं. तेवढंच सुचलं.

बाबूकाकांनी चहाला हात लावला नाही. "एका माणसामागे तुमाला काय मिळतां?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले.

"मग कशाला करता?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मी स्वतःलाही विचारत आले आहे. साहेब म्हणाले, "आम्हाला जे मिळालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून."

महादेव इतका वेळ जमिनीकडे बघत होता. तो एकदम म्हणाला, "माझी बायको गाऱ्हाणां घालते म्हणे. पडवीत उभी राहून. सगळ्यांसमोर."

तो येशूबद्दल काही बोललाच नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. साहेबांच्याही आलं असावं. ते म्हणाले, "आम्ही यायला नको असू तर येणार नाही. पण हे सुलोचनाताईंसमोर बोलू. त्यांच्या मागे नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाडीत गेलो. मी शारोनला घरी राहा म्हटलं, पण ती आली. पडवीत बाबूकाका, महादेव आणि आणखी तीन-चार पुरुष. आमच्या गुरुवारच्या बायका शेजारच्या अंगणात, भांडी घासण्याचं निमित्त करून. सुलोचना दारात उभी होती. रडेल असं मला वाटलं होतं. पण ती रडली नाही.

बाबूकाका म्हणाले, "सुलोचना, तू कोणाला मान, कोणाला नको मान, तां तू आणि महादेव बघा. पण गाऱ्हाणां बाईमाणसानं घालायचां नाय. देव कुठला का असंना."

"काका," ती म्हणाली, "मी तापानं दवाखान्यात पडले हुते, तेवा तुमी देवळात माझ्यासाठी गाऱ्हाणां घातलात?"

बाबूकाकांनी महादेवकडे बघितलं.

"नाय घातलात. ह्यांना मुंबईत काम लागावां म्हणून घातलात. पोराच्या बारावीसाठी घातलात. गाईसाठीपण घातलात, मी स्वतः ऐकलां. दर वर्षी मी मागे उभी असते. कधीतरी माझां नाव येईल म्हणून ऐकत असते. वीस वर्षां ऐकलां. मग माझां मीच घातलां."

शेजारच्या अंगणात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"आणि गणपतीचा सैपाक मी करणार," ती पुढे म्हणाली. "भावकी उपाशी ठेवणार नाय. आरतीला उभी राहीन की नाय, तां माझां मी बघेन. त्यात कोणी पडू नका. बाई, तुमीसुद्धा."

हे शेवटचं मला उद्देशून होतं. कारण मी तोंड उघडलं होतं.

पुरुष आपापसांत बोलले. घरसभा बंद करायची असं ठरलं. साहेबांनी लगेच हो म्हटलं.  महादेव बायकोकडे बघत होता, जणू ती कुणी पाहुणी आहे आणि तिचं नाव आठवत नाहीये.

परतीच्या वाटेवर मी रागानं धुमसत होते. इतक्या लवकर हो का म्हटलं? भांडायला हवं होतं. साहेब म्हणाले, "ती भांडली की. आणखी काय भांडायचं होतं?"

गणपती आले, गेले. आम्हाला काही कळलं नाही. फोन करायचा नाही असं साहेबांनी बजावलं होतं. मला घरात चैन पडेना. सावर्ड्याला एका आजारी बाईकडे जायचं काम काढलं आणि जाता-येता दोन्ही वेळा हातखंब्याला उतरले. आतल्या रस्त्याकडे बघत उभी राहिले आणि तशीच पुढची गाडी पकडली. चहावाला म्हणाला, "बाई, आज पुस्तिका नाय?" मी विसरले होते.

नवरात्राच्या आदल्या रविवारी उपासना सुरू होऊन पहिलं गीत चालू असताना फाटकाशी मोटारसायकल थांबली. सुलोचना आत आली आणि मागच्या बाकावर बसली. मी पेटीवर होते, सूर चुकले. खिडकीतून दिसलं, महादेव आवाराच्या गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या त्या बुटक्या भिंतीवर, पाठ करून बसला होता. पुढे कळलं की त्यानं मुंबई सोडली होती आणि गावात मोटार दुरुस्तीचं काम धरलं होतं. पहिल्या दिवशीच त्यानं साहेबांना सांगून टाकलं, "हिला सोडायला आलोय. मी आत येणार नाय. तुमी बोलवू पण नका."

प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा सुलोचना उठली. आधी ती चालत पुढच्या बाकापाशी गेली, जोसेफकाकांसमोर उभी राहिली आणि हळू आवाजात विचारलं, "काका, तुमच्या आजाचां नाव काय हुतां?"

काका गोंधळले.  "कशाला?"

"सांगा."

"सखाराम," काका म्हणाले.

ती तिथेच उभी राहिली, हात जोडले. "बा येशू म्हाराजा! सखाराम नावाचां तुझां एक लेकरू देवळाबाहेर उन्हात उभां केलां हुतां. ढोल त्याचा घेतला, शब्द त्याचा घेतला नाय. आमच्यासारख्या घरांनी तां केलां. त्याचा शब्द आज तू घे म्हाराजा."

कुणी होकार दिला नाही. कोण बोलणार? काका पुढे बसलेले. साहेबांनीही ओठ मिटून घेतले होते. सुलोचना हात जोडून थांबली. मला वाटलं, आता काका उठून जातील.

काकांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला. मग खालच्या आवाजात, घसा खाकरून, ते म्हणाले, "होय महाराजा."

मी चाळीस वर्षं उपासनेत पेटी वाजवली. त्या दिवशी पुढचं गीत मला सुरू करता आलं नाही. शारोननं मला सरकवून पेटी घेतली. उपासना संपल्यावर काका बाहेर गेले आणि गडग्यावर महादेवजवळ जाऊन बसले. दोघांची गावं शेजारशेजारची निघाली. काय बोलले ते मला ठाऊक नाही. मी दोनदा जवळून गेले, दोन्ही वेळा ते गप्प झाले.

आता साहेब निवृत्त आहेत. रत्नागिरीतच दोन खोल्या घेऊन आम्ही राहतो. शारोन पुण्याला नर्स आहे. घरसभेला जायला तिला वेळ नाही, पण वॉर्डात कुणी एकटं असलं की बसते म्हणाली. सुलोचना रविवारी येते. गाऱ्हाणं घालते. घरी तिच्या गणपती बसतो, स्वयंपाक तीच करते. आरतीला ती उभी राहते की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. तेवढं एक मी पाळलंय. वाडीतल्या बायका गुरुवारी अजून तिच्या पडवीत जमतात. त्याला घरसभा कुणी म्हणत नाही, बाबूकाका तिकडे फिरकत नाहीत. आणि बाप्तिस्मा तिनं अजून घेतलेला नाही.

साहेबांना याचं काही वाटत नाही. म्हणतात, देवाचं काम देवाला करू दे. मला वाटतं. मला अजूनही वाटतं की तिनं घ्यावा. लोक काय म्हणतील ते म्हणोत, मी ज्या कामाला आले ते हेच होतं. ज्यानं मला उभं केलं त्याच्या नावानं तिनं पाण्यात उतरावं, आणि ते मी बघावं. कधी कधी वाटतं की तिच्याजवळ जे आहे ते माझ्यापेक्षा जास्त आहे, मग मी तिला आणखी काय द्यायला निघालेय? दोन्ही विचार एकाच दिवशी येतात, आणि मग मी छत्री घेऊन निघते.

यंदा शिमग्याच्या आधी तिच्याकडे गेले होते. ती अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "सुलोचना, बाप्तिस्म्याचं काय ठरवलंस?"

ती हसली. "बाई, तुमी बसत का नाय आधी? मी काय कुठे पळून चाललेय?" आणि ओंजळभर शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. "ह्या सोला."

मी बसले, सोलायला लागले. शेंगा ताज्या होत्या, पटापट सुटत होत्या. पाच-सहा झाल्या असतील.

मग मी पुन्हा विचारलं.